सूचना : ऑनलाइन प्रदर्शनासाठी फोटो पाठवताना

सभासदहो, नमस्कार. मागच्या खेपेला बरेच फोटो धूसर दिसले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, घाईचा होता.

आधी फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेल करा, शार्पनिंग (कडा ठसठशीत करणं) त्यानंतर, अगदी शेवटी. मूळ मोठ्या फोटोवर केलेलं शार्पनिंग आकार घटवताना विरून जातं. तेही बेतानं करा. अति झालं की डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते आणि आभाळ दाणेदार होतं. कलर स्पेस (फाइलमधल्या रंगांची पद्धत) एसआरजीबी ठेवा, जेपेग म्हणून सेव्ह करताना क्वालिटी ८० च्या आसपास. डीपीआय (छपाईत एका इंचात किती ठिपके) ७२ की ३०० हा वाद कृपया नको, पडद्यावर पिक्सेलच मोजले जातात!

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून त्याचा दर्जा घटवतं आणि केलेली मेहनत वाया. मूळ फाइलला हात लावू नका, सगळे बदल प्रतीवरच करा.