‘आभा’ क्रमांक मिळाला. नोंदी रुग्णाच्या हाती कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रुग्णांच्या नोंदी संगणकाद्वारे जोडणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानाची प्रगती सांगताना बहुतेक वेळा कोणत्या जिल्ह्यात किती ‘आभा’ (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांक काढले गेले, याचेच आकडे पुढे केले जातात. सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात नोकरीची बहुतेक वर्षे काढलेला माणूस म्हणून या आकड्यांविषयी काही मांडावेसे वाटते. 14 अंकी आभा क्रमांक हा रुग्णाच्या नोंदी शोधण्याचा केवळ पत्ता आहे. डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे यांपैकी काही त्या पत्त्यावर पोहोचले असेल, तरच त्याचा उपयोग. या योजनेत रुग्णाची माहिती एका मध्यवर्ती भांडारात साठवली जात नाही; ती ज्या रुग्णालयात तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाने संमती दिल्यावर दुसऱ्या डॉक्टरला दिसते. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, यात वाद नाही. परंतु मूळ रुग्णालयाने केसपेपर संगणकात चढवलाच नसेल, तर संमती देऊनही समोरच्या डॉक्टरला पडद्यावर काहीच दिसणार नाही.

नोंदणीच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले, तरी या कामाचे सध्याचे स्वरूप लक्षात येते. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, तो क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचा नंबर पटकन मिळवतो, आणि त्यामुळे रांग खरोखरच कमी होते. बाकीच्यांचे आधार कार्ड घेऊन ऑपरेटर स्वतःच नोंदणी उरकतो, “ओटीपी आला का, मावशी?” असे विचारतो आणि मावशी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात आकडे सांगतात. कागदोपत्री ही माहितीपूर्ण संमती! आभा काढले म्हणजे पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळणार, अशी अनेकांची समजूत असते आणि ती खोडून काढण्याची सवड खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला नसते. ते उपचार ज्या आयुष्मान कार्डावर मिळतात ते वेगळे, आणि आभा घेणे ऐच्छिक आहे, एवढी दोन वाक्ये त्या खिडकीवर ठळक अक्षरांत लावायला फारसा खर्च येणार नाही.

नोंदी नसल्याने काय होते, हे आपल्याकडच्या बाळंतपणांइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेही दिसत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. माहेरच्या गावी मुलीला सगळे ओळखत असतात, त्यामुळे तिचे नाव पुष्कळदा माहेरच्या आडनावानेच लागते आणि वय अंदाजाने लिहिले जाते. दुसऱ्या खेपेला तीच बाई सासरच्या तालुक्यात, सासरच्या नावाने दाखल होते. पहिले सिझेरियन कशासाठी करावे लागले आणि गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा घेतला होता की उभा, हे डॉक्टरांना त्या वेळी कळायला हवे असते, कारण या वेळी नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहायची की नाही, हे त्यावर ठरते. पोटावरचा व्रण पाहून आतल्या छेदाची खात्री देता येत नाही. हातातल्या चुरगळलेल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘सिझर, मुलगा, 2.8 किलो’ यापलीकडे काही नसते. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणे दुसऱ्या जिल्ह्यातल्या रेकॉर्ड रूममध्ये, वर्षानुसार बांधलेल्या गठ्ठ्यांत पडलेली असतात, आणि तिथे ती शोधायची तर आयपीडी (दाखल झालेल्या रुग्णाचा) क्रमांक लागतो, जो कुणालाच आठवत नाही. ऊसतोडीसाठी बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांत तर गरोदरपणाचे कार्डही अनेकदा गावच्या घरीच राहिलेले असते. नाव, आडनाव आणि जिल्हा बदलला तरी न बदलणारा एक क्रमांक अशा स्त्रियांना मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणूनच त्या क्रमांकामागे नोंद असावी असा माझा आग्रह आहे.

नोंदीची प्रत मिळणे हा रुग्णाचा हक्क असून तो डिजिटल अभियानाने दिलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास 72 तासांत देणे बंधनकारक आहे. त्यास नकार देणे हे गैरवर्तन ठरते. त्याआधी, 1996 मध्येच, गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाला त्याचीच कागदपत्रे नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले होते. असे असूनही आज इनडोअर पेपरची, म्हणजे रुग्ण दाखल असतानाच्या नोंदींची, झेरॉक्स मागणाऱ्या नातेवाइकाला पहिला प्रश्न विचारला जातो तो “कशाला हवेत, कोर्टात जायचंय का?” हा. त्यानंतर अर्ज, त्यानंतर साहेबांची सही, आणि साहेब रजेवर. खासगी रुग्णालयांत विम्याच्या दाव्यासाठी मूळ कागद विमा कंपनीकडे जातात आणि आधी प्रत काढून ठेवली नसेल तर रुग्णाच्या हाती काहीच राहत नाही. जे राहते तेही टिकतेच असे नाही. ईसीजी ज्या कागदावर निघतो, त्यावरच्या रेषा उष्णतेने उमटतात आणि काही वर्षांत फिकट होत जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली ती पट्टी पुढच्या झटक्याच्या वेळी कोरीही निघू शकते. ईसीजीची साधी झेरॉक्स काढून घ्या, एवढे सांगणे सिस्टरला जड नाही, पण सांगण्याची पद्धतच पडलेली नाही.

संगणकीकरणाच्या मार्गातले धोकेही आपण पाहिले आहेत. जुलै 2022 मध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील माहिती प्रणाली कंत्राटदार कंपनीबरोबरच्या वादात बंद पडली आणि निवासी डॉक्टरांना पुन्हा हाताने केसपेपर लिहावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या अग्रगण्य रुग्णालयाचे बरेचसे काम काही दिवस कागदावर चालले. कंत्राट संपले किंवा मोडले तरी सगळ्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, ही अट करारात पहिल्या पानावर असली पाहिजे. निविदा काढताना यंत्रांच्या किमतीवर जेवढी चर्चा होते, तेवढी या अटीवर होत असेल असे मला वाटत नाही.

गोपनीयतेबद्दल मात्र मला हॅकरइतकीच चिंता वॉर्डातल्या सवयींची वाटते. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या फाइलवर लाल शाईने खूण करणे, रुग्णाचे नाव आणि वय दिसत असलेला एक्स-रे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे, एकाच पासवर्डवर अख्ख्या पाळीने काम करणे, हे सारे कोणत्याही सायबर हल्ल्याशिवाय चालते. एचआयव्हीबाबत 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. या कायद्याच्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या पूर्णपणे लागू होण्याआधीच्या काळात प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा लॉगिन आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण देणे तालुक्याच्या रुग्णालयालाही अशक्य नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी विनंती मर्यादित आहे. जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात ‘आभा क्रमांक काढले’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत: त्या महिन्यात घरी सोडलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा संपूर्ण डिस्चार्ज सारांश त्यांच्या आभाला जोडला गेला, आणि नोंदींच्या प्रतीसाठी आलेल्या अर्जांपैकी किती 72 तासांत निकाली निघाले. यासाठी नवे सॉफ्टवेअर लागणार नाही. लागेल तो रेकॉर्ड विभागात माणूस. ते पद कुठे रिक्त असते, तर कुठे तिथल्या लिपिकाला दुसऱ्याच कामाला जुंपलेले असते. तेव्हा सुरुवात त्या जागा भरण्यापासून करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रेकॉर्ड कर्मचारी, सातारा