डब्यावर न छापलेले १५ अंश

ग्वाल्हेर (लष्कर)
३ फेब्रुवारी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
स्क्रीन प्रिंटिंग शाई बनवणारी कंपनी, पुणे

विषय : दोन भागांच्या शाईच्या डब्यावर किमान तापमान न दिल्यामुळे १८० पाट्या वाया गेल्याबाबत

महोदय,

फोनवर चारदा बोलून झालं, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून झाले, आपले विक्री प्रतिनिधी दुकानात येऊन चहा पिऊन गेले. आता लेखी देतो. आपल्याकडे फोन उचलणाऱ्या बाई मराठीत बोलल्या, म्हणून मीही मराठीतच लिहितो. आमचं मराठी ग्वाल्हेरचं आहे, मधूनच हिंदी डोकावेल, तेवढं सांभाळून घ्यावं.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आपली शाई वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. गेल्या मे महिन्यापासून मी तीच वापरतोय. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या शीटवर, एबीएस या कडक प्लास्टिकच्या पट्ट्यांवर, एकदा तर एका कारखान्याच्या मशीनच्या झाकणांवरही तिने छान काम दिलं. ती नखाने निघत नव्हती की थिनरने पुसली जात नव्हती. म्हणूनच डिसेंबरात मोठं काम आलं तेव्हा दुसऱ्या शाईचा विचारसुद्धा केला नाही.

काम होतं मेळ्याचं. आपल्या प्रतिनिधींना वाटलं गावची जत्रा असेल, दहा-पंधरा दिवसांची. तो ग्वाल्हेरचा व्यापार मेळा आहे, १९०५ साली माधवराव शिंद्यांच्या काळात सुरू झालेला, आणि तो ऐन थंडीत भरतो. एका मंडपवाल्याने पार्किंग, प्रवेश, निर्गम, बाण, शौचालय अशा १८० पाट्या सांगितल्या. पांढरी पन्हळी पीपी शीट, १८ बाय २४ इंच, लाल आणि काळा असे दोन रंग. पाट्या उघड्यावर राहणार, रात्रभर दव पडणार, म्हणून साधी शाई न घेता आपली हार्डनरवाली, म्हणजे पक्की होण्यासाठी दुसरा भाग मिसळावा लागणारी, घेतली. लाल एक किलो, काळी एक किलो, त्यांचे हार्डनर. बिलाची प्रत सोबत आहे.

आपल्या डब्यावर तीन ओळी आहेत : हवेत ३० मिनिटांत सुकते, २४ तासांनी थप्पी लावता येते, मिसळल्यावर ८ तास वापरता येते. मी लेबल वाचणारा माणूस आहे, महोदय. तिन्ही ओळी पाळल्या. प्रत्येक शीट रॅकवर सुटी ठेवली, २४ काय, तीस तास ठेवली. बोट लावलं तर कोरडी. मग पंचवीस-पंचवीसच्या थप्प्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थप्पी उचलली तर वरच्या शीटच्या पाठीला खालच्या शीटचा लाल बाण उमटलेला. काही शीट एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की सोडवताना चर्र आवाज येत होता. जी साठ शीट बरी दिसली ती मंडपवाल्याने घाईने नेली आणि लावली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. दाट धुकं होतं, पाट्यांवर पाणी साचलं होतं, त्याच्या पोऱ्याने ते फडक्याने पुसलं तर फडकं लाल. एका पाटीवरच्या ‘पार्किंग’मधला ‘पा’ गेला, डोक्यावरचा रफारही गेला, उरला नुसता ‘किंग’. त्या गेटवर आठवडाभर लोक त्याला राजा म्हणून हाक मारत होते. मला हसू आलं नाही.

आता आपल्या कंपनीने दिलेली कारणं घेतो, कारण खरी तक्रार तिथे आहे.

पहिलं कारण : शीट ट्रीट केलेली नसणार. पीपीवर शाई धरत नाही हे स्क्रीनवर पंधरा दिवस काम केलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पृष्ठभाग शाईला किती धरू शकतो ते डाइनमध्ये मोजतात, आणि पीपीचा पृष्ठभाग मुळात तीस डाइनच्या आसपास असतो, मेणचट. कोरोना ट्रीटमेंट, म्हणजे पृष्ठभागावर विजेचा मारा, करून तो आकडा वर न्यावा लागतो, आणि महिने गेले की ती ट्रीटमेंट उतरत जाते. म्हणून मी प्रत्येक बंडल उघडल्यावर हा आकडा तपासायचं डाइन पेन फिरवतो. या बंडलांवर ४० नंबरची रेघ अखंड राहिली, थेंब झाले नाहीत, म्हणजे ट्रीटमेंट शाबूत होती. शिवाय दोष शीटचा असता तर शाई पापुद्र्यासारखी सुटली असती आणि सुटलेला पापुद्रा कडक असता. इथे शाईच मऊ होती. नख लावलं की लोण्यासारखी नखात यायची. दोन्ही दुखणी वेगळी आहेत, आणि हे मी आपल्या माणसाला समजावून सांगावं ही जरा उलटी गंगा झाली.

दुसरं कारण : हार्डनर चुकीच्या प्रमाणात पडलं. आपलं प्रमाण वजनाने चारास एक. मी एका वेळी १६० ग्रॅम शाईत ४० ग्रॅम हार्डनर घेतो. काटा डिजिटल आहे, सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानातून घेतलेला. त्यावर सोनं तोललं जायचं, माझी शाई तोलायला तो पुरेसा आहे. पण यावर आपल्या प्रतिनिधींनी जो उपाय सांगितला तो ऐकून मी खुर्चीतच बसलो. म्हणे, थंडीत हार्डनर थोडं जास्तच टाकत जा. रेझिनला, म्हणजे शाईतल्या मूळ चिकाला, जेवढं हार्डनर लागतं तेवढंच ते घेतं. उरलेलं तसंच आत राहतं, चिकट. हा सल्ला आपल्या माणसाने आणखी कुठे दिला असेल तर कृपया परत घ्या.

त्यांचा दुसरा सल्ला होता हीट गन मारण्याचा. एक शीट त्यांच्यासमोरच मारून दाखवली. पन्हळी शीट पापडासारखी वळली. ती सोबत पाठवायची होती, पण पाकिटात मावत नाही.

मग मीच शोध घेतला. आमच्या वडिलांचं काम हाताने पाट्या रंगवण्याचं. त्यांचा तेलातला इनॅमल हवेतला प्राणवायू खाऊन वाळायचा, सावकाश, पण किती सावकाश ते त्यांना माहीत असायचं. साध्या सॉल्व्हंट शाईत सॉल्व्हंट, म्हणजे तिला पातळ ठेवणारं द्रव, उडून गेलं की काम झालं. आपल्या शाईत दोन कामं एकामागून एक होतात. आधी सॉल्व्हंट उडतं, तेव्हा बोटाला ती सुकलेली लागते. पण रेझिन आणि हार्डनर यांची गाठ बसायची असते, तिला दिवस लागतात, आणि ती उष्णतेवर चालते. ढोबळ हिशेब असा की दहा अंश उतरले की वेग निम्म्यावर. म्हणजे सुकलेली शाई आणि पिकलेली शाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपलं लेबल फक्त पहिलीबद्दल बोलतं.

माझ्या दुकानात त्या आठवड्यात पहाटे ९ अंश आणि भर दुपारी १४ अंश होते. थर्मामीटर भिंतीवर आहे, रोजची नोंद वहीत आहे. ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं बसलं की दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही.

मी एक प्लायवूडचा खोका केला, आत शंभर वॉटचे दोन बल्ब लावले, तापमान ३० ते ३२ वर धरलं. त्याच डब्यातली शाई, तेच हार्डनर, तीच १२० नंबरची छपाईची जाळी, एकाच तासात छापलेले तुकडे : पीपीचे, ॲक्रिलिकचे आणि काचेचे. निम्मे खोक्यात, निम्मे दुकानात रॅकवर. तीन दिवसांनी थिनरचं फडकं घेऊन घासलं. खोक्यातले तिन्ही तुकडे तीस फेऱ्यांनंतरही जसेच्या तसे. रॅकवरचे चौथ्या फेरीला साफ, आणि त्यात काचसुद्धा. काचेला कोरोना ट्रीटमेंट कोण करतं? ब्लेडने चौकटी पाडून टेपही लावली. खोक्यातल्या पीपीवरून एकही चौकट सुटली नाही, रॅकवरच्या पीपीवरून टेप लालच होऊन आली. तुकडे आणि टेप सोबत पाठवतो. हे पाकिटात मावतात.

थप्पीतल्या उरलेल्या पाट्या खोक्यात घालून बघितल्या. थोड्या सुधारल्या. पण ज्या धुक्यात राहिल्या होत्या त्यांच्यावर पांढुरकी तेलकट साय आली होती. थंड, दमट हवेत हार्डनर रेझिनला सोडून हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशीच लगट करतं, त्याची ती साय. साबणाच्या पाण्याने ती निघाली, पण खालचा लाल रंग विटकरी होऊन बसला. तशा पाट्या कुणी घेत नाही.

हे सगळं झाल्यावर, तिसऱ्या फोननंतर, आपल्या कार्यालयाने तांत्रिक माहितीपत्रक पाठवलं. सहा पानं, इंग्रजीत. तिसऱ्या पानावर तळाला, सगळ्यात बारीक अक्षरात ओळ आहे : १५ अंशांखाली शाई पक्की होण्याची क्रिया जवळजवळ थांबते, छपाईनंतर काही दिवस त्यापेक्षा जास्त तापमान ठेवावं. महोदय, ही ओळ डब्यावर का नाही? आपल्याला ती माहीत होती. डब्यावर मागच्या बाजूला कंपनीचं बोधचिन्ह तीन इंचांचं आहे, जागेची अडचण दिसत नाही. डीलरने मला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, स्वतः स्वेटर आणि मफलर घालून, हीच शाई ‘बारा महिने चालते’ म्हणून विकली. त्याचाही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि हे फक्त थंडीचं नाही. मागच्या मे मध्ये दुकानात चाळीसच्या वर पारा असताना मिसळलेली शाई अडीच तासांत घट्ट व्हायची, डब्यावर आठ तास लिहिलेले असताना. तेव्हा मी गप्प बसलो, थोडं थोडं मिसळायला लागलो. ते आठ तास कुठल्या तरी २० अंशांच्या खोलीतले असणार. ती खोली ग्वाल्हेरला वर्षातून फार थोडे दिवस मिळते.

माझं नुकसान असं : १८० शीटचे १२,६०० रुपये, शाई आणि हार्डनरचे ३,४०० रुपये, आणि मंडपवाल्याने कापून घेतलेले ५,००० रुपये. एकूण २१,०००. दुसऱ्यांदा छापताना मी, बायको आणि धाकटा भाऊ तीन रात्री जागलो, त्याचा पैसा मी धरलेला नाही. ते छापताना दुसऱ्या कंपनीची पीपीसाठीची एका भागाची शाई वापरली, आणि दुकानात दोन हीटर लावले. विजेचं बिल अजून यायचंय.

ही रक्कम मला मिळावी. त्याहून जास्त निकडीची मागणी ही की डब्यावर हिंदीत आणि मराठीत ‘१५ अंशांखाली वापरू नये’ एवढं छापावं, आणि तोवर ग्वाल्हेरच्या डीलरकडे जेवढे डबे आहेत त्यांवर स्टिकर लावावा. स्टिकर छापायला कुणी नसेल तर मी छापून देईन, पैसे घेऊन. अजून थंडी गेलेली नाही, आणि माझ्यासारखी चार दुकानं याच बाजारात हीच शाई घेतात.

आपल्या प्रतिनिधींनी जाताना मला सांगितलं की मी ‘धंद्यासाठी’ माल घेतला म्हणून ग्राहक ठरत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाचा स्पष्ट अपवाद आहे, वाचून घ्यावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन, आणि खोका, बल्ब व तुकडे तिथे घेऊन जाईन.

आपला ग्राहक,
(सही)
स्क्रीन प्रिंटिंग व पाट्या, लष्कर, ग्वाल्हेर

सोबत : बिलाची प्रत, तापमानाच्या नोंदींची प्रत, सहा तुकडे, दोन टेप