पिल्लांच्या आईचा उजेड

प्रिय मनू,

काल तू फोनवर म्हणालीस ना, की दोन माद्यांची पिल्लं जन्मल्यापासून 14 तासांच्याच उजेडात आहेत, खाणं तेच पिंजरे तसेच, तरी एकीची भराभर वाढतायत आणि दुसरीची मागे पडलीत, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तुमचे सायबेरियन हॅमस्टर आहेत, ते उंदरासारखे छोटे प्राणी, म्हणून विचारते, त्या दोघी गाभण असताना किती तास उजेडात होत्या ते बघितलंस का गं?

कारण तिकडे सायबेरियाच्या गवताळ माळावर 14 तासांचा दिवस वर्षात दोनदा येतो, वसंतात दिवस वाढताना आणि पुन्हा ऑगस्टात उतरताना. वसंतातलं पिल्लू पटकन वयात येऊन त्याच उन्हाळ्यात विऊ शकतं, ऑगस्टातल्याने मात्र थांबून आधी हिवाळा काढायचा. आता आज 14 तास आहेत एवढ्यावरून त्या जीवाला काय कळणार? आधी किती होते ते माहीत हवं, आणि ते त्याला पोटात असतानाच आईकडून कळलेलं असतं!! 1986 मध्ये स्टेट्सन, एलियट आणि गोल्डमन यांनी हे दाखवलं. आई 16 तासांच्या उजेडात गाभण असेल तर 14 तासांत पिल्लाची वृषणं लहानच राहतात, आई 12 तासांत असेल तर त्याच 14 तासांत ती झपाट्याने वाढतात. मुंबई-पुण्यात सगळ्यात मोठ्या आणि लहान दिवसात सव्वादोन तासांचाच फरक, म्हणून आपल्याला असं काही चटकन सुचतच नाही.

निरोप पोचतो मेलाटोनिन या संप्रेरकातून. रात्र जेवढी लांब तेवढा वेळ आईच्या मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून ते रक्तात येत राहतं आणि वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भापर्यंत जातं, गर्भाची स्वतःची पिनियल तेव्हा ते बनवतही नसते. वीव्हर आणि रेपर्ट यांनी त्याच वर्षी माद्यांची पिनियल काढून बघितली तर निरोप तुटला, बाहेरून मेलाटोनिन दिलं तर परत जुळला, आणि पुढे त्यातही गरोदरपणाचे शेवटचे काही दिवसच खरे महत्त्वाचे निघाले.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो टेरेसा हॉर्टनचा प्रयोग, अमेरिकेतल्या डोंगरी व्होलवरचा (हाही उंदरासारखाच प्राणी), 1985 चा. तिने पिल्लं जन्मल्यावर अदलाबदल करून दुसऱ्या उजेडातून आलेल्या माद्यांखाली दिली, म्हणजे दूध एकीचं आणि गर्भ दुसरीचा. वाढीचा वेग ठरला तो पोटात वाढवणाऱ्या आईच्या उजेडावर. इतका साधा आणि इतका चोख प्रयोग, मी वर्गात शिकवताना दरवेळी यावर जास्तच वेळ घालवायचे.

म्हणून पिल्लं कमकुवत आहेत असं धरून ती बाजूला काढू नकोस, आणि दोन्हींचे आकडे एकत्र करून सरासरी तर मुळीच काढू नकोस. आधी माद्या आणल्या तेव्हाचं रजिस्टर काढ, गाभणपणात खोली बदलली का, टायमर बदलला का ते अॅनिमल हाऊसमधल्या काकांना विचार, त्यांना सगळं आठवत असतं. आणि यापुढे पिंजऱ्याच्या कार्डावर जन्मतारखेच्या शेजारीच आईच्या उजेडाचे तास लिहायला लाग. मागे पडलेल्या पिल्लांची आई 16 तासांत होती का तेवढं रात्री कळव, मी जागीच आहे.

तुझी,
आई