पाच दिवसांच्या दोन मुली

रिव्हरसाइड, कॅलिफोर्निया
१३ जुलै

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तुला रजा नव्हती, लोकांच्या लेकरांसाठी बरी मिळाली." तुम्ही दुखावून बोललात, आणि मला धड उत्तर देता आलं नाही. पाच दिवसांत नगरला येऊन परतणं जमलं नसतं, हे खरं. पण तेवढंच नाही. आई-वडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलांच्या या पाच दिवसांच्या शिबिराला मी फेब्रुवारीत शब्द दिला होता. मोठ्यांनी दिलेला शब्द मोडतो, हे या मुलांना आधीच पाठ झालेलं असतं. त्यात माझी भर घालवेना. तुमची पट्टी सोडली तेव्हा मी जवळ नव्हते, याचं वाईट वाटतं आणि वाटत राहील.

तुम्ही त्यांना अनाथ म्हणालात. तशी ती नाहीत. बहुतेकांचे आई-वडील आहेत. घरात मारहाण, नशा, उपासमार असली की कोर्ट मुलाला काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवतं. त्याला इथे फॉस्टर केअर म्हणतात. २०२२ साली अमेरिकेत अशी सुमारे ३ लाख ६८ हजार मुलं होती. आई-वडील सावरले तर मूल परत त्यांच्याकडे जावं, हाच पहिला प्रयत्न असतो. मधल्या काळात काही मुलांची तीन-चार घरं होतात. शिबिरात माझ्याकडे दोन मुली होत्या, त्यातल्या थोरलीचं हे पाचवं घर. बसमधून उतरली तेव्हा तिचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत होते.

१९८५ साली वेन आणि डायेन टेश या इथल्याच जोडप्यानं अशा मुलांसाठी पहिलं शिबिर भरवलं. आता ठिकठिकाणच्या चर्चच्या मंडळ्या त्याच धर्तीवर शिबिरं चालवतात, आमचीही चालवते. सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरात, पाइनच्या झाडीत. एका मोठ्या माणसाकडे दोनच मुलं. त्याआधी मुलाखत, बोटांचे ठसे, पोलीस तपासणी, मग प्रशिक्षण. मुलासोबत एकटं राहायचं नाही. विचारल्याशिवाय जवळ घ्यायचं नाही. आई, हे तुला कोरडं वाटेल. पण पहिल्या दिवशी मी धाकटीच्या केसातलं पान काढायला हात उचलला, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. त्यानंतर मला एकही नियम जास्त वाटला नाही.

धाकटी सात वर्षांची. रात्री तिच्या उशीखाली चार पाव सापडले. अन्न लपवलं तर रागवायचं नाही, हे शिकवलं होतं, म्हणून मी उशाशी खाऊची टोपली ठेवली. सकाळी पाव तसेच. तिचा भाऊ मुलांच्या खोलीत होता. दोघं वेगवेगळ्या घरी राहतात, आठ महिन्यांनी भेटत होती. त्याला जेवायला मिळतं की नाही याची तिला खात्री नव्हती, म्हणून ते पाव. मग आम्ही दोघांना रोज एका टेबलावर बसवलं. पहिले दोन दिवस तो पहिला घास घेईपर्यंत ती चमचा उचलत नव्हती.

थोरली नऊ वर्षांची आणि अबोल. दुसऱ्या रात्री अंधारात म्हणाली, "एक सांगू? कोणाला सांगणार नाहीस ना?" आई, माझ्या तोंडावर "नाही गं" आलंच होतं. पण तसं कबूल करायची इथे मनाई आहे. मूल जे सांगेल त्यात छळाचा संशय आला, तर पुढे कळवावंच लागतं. मी म्हटलं, "तुला कोणी त्रास देत असेल, तर ज्याला मदत करता येईल त्याला मला सांगावं लागेल." तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुसरा दिवसभर बोलली नाही. तो दिवस फार जड गेला. संध्याकाळी तळ्याकाठी गळ टाकून बसलो होतो, तेव्हा तिनं आपणहून सांगितलं. काय, ते लिहीत नाही. जिथे पोचायला हवं तिथे पोचवलं.

तुम्हाला आवडणारं बायबलच्या स्तोत्र २७ मधलं दहावं वचन तिला ऐकवावं, असं मनात होतं. नाही ऐकवलं. आई-बापांनी टाकलं तरी, अशी त्याची सुरुवात आहे, आणि ही पोर मण्यांची माळ ओवत होती ती तिच्या आईसाठी. तिच्या आईबद्दल मी कोण बोलणार? त्याऐवजी हरवलेलं मेंढरू शोधणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, हरवलेलं मेंढरू सापडल्यावर त्याला मार बसला का?

गुरुवारी सगळ्यांचा वाढदिवस होता. घरं बदलताना कितीकांचे वाढदिवस राहून गेलेले असतात, म्हणून एकाच दिवशी सगळ्यांचा केक आणि प्रत्येकाच्या नावाचा खोका. थोरलीनं तो उघडायच्या आधी विचारलं, "जाताना परत द्यायचा का?" मग माझा वाढदिवस कधी, माझ्या आजीचा कधी, असं सुरू झालं. आई, मी तिला तुझ्या आजीबद्दल सांगितलं. १८९७ च्या सुमारास पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून पुण्याजवळच्या केडगावला आणलेल्या मुलींमधली ती एक. पाच-सहा वर्षांची असेल. आई-बापांचं नाव सांगता येईना, जन्मतारीख तर नाहीच. मरेपर्यंत नाताळलाच आपला वाढदिवस मानायची. थोरलीनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "मला माझा माहीत आहे." एवढ्या ताठ मानेनं ती आठवडाभरात दुसरं काही बोलली नव्हती.

शुक्रवारी बस गेली. आठवड्याच्या फोटोंचा एकेक अल्बम मुलांना देतात. आमच्याकडे मात्र त्यांचा फोटो नाही, पत्ता नाही, पुढे भेटायची परवानगी नाही. ते त्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे, आणि मला पटतं. तरी घरी येऊन दोन दिवस मी ताटं वाढताना तीन काढत होते.

नाताळची तिकिटं काढली आहेत, २० डिसेंबरला पोचते. बाबा, थेंब वेळेवर घाला, आई सांगेल तेव्हाच घाला. आणि थोरलीचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो. नाव मला लिहिता येत नाही. तुमच्या सकाळच्या प्रार्थनेत "दहा वर्षांची होणारी मुलगी" म्हणा.

तुमची,
मनू