मंडळ आठवड्याला भरू दे

वडगाव, बेळगाव

चि. मुलास,
अनेक आशीर्वाद.

कोणत्याही देवाचे वा पंथाचे बंधन न ठेवता एकमेकांच्या सुखदुःखात उभे राहणारे मंडळ आपल्या भागात काढण्याचा तुम्हा मित्रांचा बेत मला मनापासून आवडला. तथापि तुमच्या आराखड्यात महिन्याला एक व्याख्यान याखेरीज फारसे काही दिसले नाही, आणि तेवढ्यावर माणसे बांधली जातील असे मला वाटत नाही.

चर्चचे बळ कशात आहे ते नीट पाहा. वार ठरलेला असतो, आजी आणि नातवंडे एकत्र बसतात, सर्वजण मिळून गातात, आणि एखादे कुटुंब दोन रविवार आले नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी २०१० साली मांडलेला निष्कर्ष असा, की चर्चला जाणाऱ्यांचे दातृत्व त्यांच्या श्रद्धेपेक्षा तिथे जुळलेल्या मैत्रीशी अधिक निगडित आहे. मैत्री व्हायला वारंवार भेट लागते. आपल्या उचगाव, कडोली, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनासाठी सारा गाव राबतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण ते संमेलन वर्षातून एकदाच येते.

एक अडचण मात्र गंभीरपणे घ्यावी लागेल. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी सहजीवन-वसाहतींचा, म्हणजे एकत्र राहून सामाईक जीवन जगणाऱ्या समूहांचा, अभ्यास केला, तेव्हा धार्मिक वसाहती इतरांपेक्षा अधिक काळ टिकल्याचे दिसले. शिवाय कडक नियम व त्याग यांमुळे धार्मिक वसाहतींचे आयुष्य वाढले, इतरांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. मला याचा अर्थ असा वाटतो, की जिथे नियमाला पावित्र्याचा आधार नाही, तिथे सदस्यांकडे जे मागायचे त्याची गरज त्यांना डोळ्यांनी दिसली पाहिजे. म्हणून गणवेश, शपथ असले काही ठेवू नका. रुग्णाजवळ रात्री कोण बसणार, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना डबा कोण नेणार, दहावीच्या मुलांना गणित कोण शिकवणार, ही कामे वाटून द्या, आणि ज्याला काहीच काम दिलेले नाही असा एकही सदस्य ठेवू नका.

लग्न, बारसे आणि अंत्यविधी यांचाही विचार आताच करा, कारण अशा प्रसंगी मंडळाने पाठ फिरवली तर माणसे पुन्हा जुन्याच दारी जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. महात्मा फुले यांचा सत्यशोधक समाज निर्मिकाला, म्हणजे सृष्टिकर्त्याला, मानणारा असला, तरी १८७३ साली स्थापना झाल्यावर त्याच वर्षी त्याने भटजीविना विवाह लावला, यावरून हा प्रश्न त्यांना किती तातडीचा वाटला होता ते कळते.

आपल्या भागात विणकरांची मराठी व कन्नड बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत. सीमाप्रश्नावर माझे मत तुला ठाऊक आहे आणि ते बदललेले नाही. तरीही मंडळाची सूचना दोन्ही भाषांत लिहा, गाणीही दोन्हींतली घ्या, कारण आजारपणात धावून येणारा शेजारी कोणत्या भाषेचा आहे हे कोणी विचारत नाही.

वर्गणी थोडी पण नियमित असावी, आणि हिशेब दरमहा सर्वांसमोर वाचावा. जागा मिळेपर्यंत आपली माडी रविवारी सकाळी वापरा. सतरंज्या मी काढून ठेवते. पहिल्या बैठकीला पलीकडच्या गल्लीतल्या आजींना आणायला तू स्वतः जा, त्यांना जिना एकटीने चढवत नाही.

तुझी,
आई