उंदीर वॉरंटीत बसत नाही

कोल्हापूर, १८ जानेवारी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतका तापला होतास की मी नुसतं ऐकून घेतलं. म्हणून आज लिहितेय. मधेच "अगं आई, पण" म्हणता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा. उंदराने तुझ्या गाडीच्या वायरी कुरतडल्या आणि शोरूमने वॉरंटी नाकारली, त्यांच्या दुरुस्तीच्या इस्टिमेटचा तू पाठवलेला फोटो आम्ही दोघांनी मोठा करून बघितला. ४७,८०० रुपये! इंजिनचं अख्खं वायरिंग, एक ऑक्सिजन सेन्सर, मजुरी, आणि तळाला हळूच 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग', म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची सफाई, आणि 'एसी डिसइन्फेक्शन'.

बाबा गाडीखाली आणि मी वहीवर, असा उद्यमनगरातल्या गॅरेजवर आमचा संसार झाला. गाडीतलं मला त्यांच्याइतकं कळत नाही, पण बिल कुठे फुगतं ते बरोबर कळतं. वायर उंदराने खाल्ली तर थ्रॉटल बॉडी कशाला धुवायची, एवढं शोरूममधल्या त्या अ‍ॅडव्हायजरला विचार आणि त्या दोन ओळी आधी खोडायला लाव.

आता मुद्द्याचं. वॉरंटी नाकारताना त्याने तुला दोन कारणं दिली आणि तू दोन्हींवर एकदमच भांडलास. पहिलं, वायरिंग उंदराने कुरतडलंय. दुसरं, दसऱ्याला तू इथे आलास तेव्हा बाबांनी पुढचे ब्रेक पॅड बदलले, म्हणून 'बाहेर काम केलंय, वॉरंटी गेली'. यातलं पहिलं कारण खरं आहे. दुसरी निव्वळ दमदाटी आहे.

कंपनी हमी देते ती माल किंवा बनावट सदोष निघाली तर. बाहेरून येऊन कोणी नुकसान केलं, मग तो ट्रक असो, पुराचं पाणी असो की उंदीर, ते त्यात येत नाही. झिजणाऱ्या वस्तूही येत नाहीत: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, ऑइल. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा ज्याने त्या बनवल्या त्याची असते. हे सगळं तुझ्या डॅशबोर्डच्या खणातल्या पुस्तकात छापलेलं आहे. गाडी घेतल्यापासून तू ते उघडलं नसशील, पण त्यात नवल नाही, आमचंही कुठलं गिऱ्हाईक उघडत नाही. ग्राहक आयोगात जातो म्हणालास, तर उंदराच्या मुद्द्यावर जाऊ नकोस. ती केस उभीच राहणार नाही.

दुसऱ्या कारणाला मात्र मान तुकवायची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नाहीत, हा ठपका होता. कंपन्या दंडाविरुद्ध अपिलात गेल्या ती गोष्ट वेगळी. पण त्या आदेशात एक वाक्य आपल्या कामाचं आहे: बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची धमकी द्यायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. ब्रेक पॅड बदलल्याने इंजिनचं वायरिंग तुटत नाही, हे कुणीही सांगेल. तो निकाल आला तेव्हा आपल्या लाइनीतल्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी चहा पाजला होता. पुढे सुटे भाग किती सहज मिळायला लागले ते विचारू नकोस.

तर त्याला म्हण, वॉरंटी कुठल्या कारणाने नाकारताय ते ईमेलवर द्या. तोंडी बोलतात तेवढं सहसा लिहून देत नाहीत. उंदराचं लिहून देईल, ब्रेक पॅडचं गाळेल. तेही लिहून दिलंच तर सरळ १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदव. आवाज चढवायची गरज नाही. पुढच्या वर्षी खरोखर काही सदोष निघालं तर हा कागद तुझ्या हातात पाहिजे.

पैशाचं बघू. तुझा फुल इन्शुरन्स आहे, आणि उंदराने केलेलं नुकसान बऱ्याच कंपन्या त्यात धरतात. आपली धरते का, ते एजंटला पॉलिसी बघूनच सांगायला लाव. पण क्लेम म्हणजे फुकट नव्हे. सलग दोन वर्षं क्लेम नाही, म्हणून तुला आत्ता २५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यात सूट आहे. काही केलं नाहीस तर पुढे ३५, मग ४५, मग ५०. क्लेम घेतलास की पुढच्या वर्षी शून्य, मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढण. तुझ्या ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी साधारण १२,००० आहे. मी वहीत मांडून बघितलं: पाच वर्षांत मिळून १२,६०० रुपयांचा बोनस जातो. गाडीची किंमत उतरेल तसा हप्ताही उतरेल, म्हणून थोडं कमी धर. शिवाय तुझ्या इंजिनाच्या आकाराच्या गाडीला क्लेममागे १,००० रुपये सक्तीने खिशातून भरावे लागतात. झिरो डेप, म्हणजे भागांचा घसारा न कापणारी जादा सोय, नसेल तर प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मी कपात. म्हणजे काम १२-१३ हजारांच्या आत होत असेल तर क्लेमच्या वाटेला जाऊ नये, ४७ हजारांचं असेल तर डोळे झाकून घ्यावा.

आणि हीच तर गोम आहे. काम नक्की किती आहे हे अजून कुणी बघितलेलंच नाही! शोरूमवाले वायरिंग दुरुस्त करत नाहीत, अख्खं बदलतात. तुझ्या फोटोत बाबांना बॅटरीजवळच्या चार-पाच वायरी आणि सेन्सरची वायर कुरतडलेली दिसतेय. तेवढंच असेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन दिवसभरात करून देईल, पाच-सहा हजारांत. फक्त तो जोड कसा देतो ते उभं राहून बघ. वायर नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली, तर पहिल्या पावसात ओल जाऊन चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागणार. आधी वायरीवर हीट श्रिंकची नळी सरकवायची, मग तारा सोल्डर करायच्या, मग ती नळी जोडावर आणून गरम हवेने आवळायची. नळी सरकवायची आठवण जोड झाल्यावर होणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर गाडी काढून घे. हे काम बाहेर केलंस तर त्या वायरिंगपुरती कंपनी हात वर करेल, ते खरं आणि रास्त आहे.

पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना दात लागलेला असेल, किंवा ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरच्या, सॉकेटजवळचा मोठा गठ्ठा खाल्लेला असेल, तर जोडाचा विचारच सोड. मग क्लेम आणि नवीन वायरिंग. बाबा इतरांच्या गाड्यांनाही पिवळ्या वायरीला हात लावत नाहीत.

क्रम मात्र चुकवू नकोस. आधी इन्शुरन्स कंपनीला कळव आणि क्लेम घ्यायचा ठरला तर नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत काही सोडवू देऊ नकोस. आमच्याकडे गाडी खोलून झाल्यावर लोक क्लेमची चौकशी करायचे, तेव्हा सर्व्हेअरला दाखवायला काही उरलेलं नसायचं. स्वतःच्या पैशाने काम केलंस तर जुने भाग मागून घे. क्लेममध्ये ते तुझे नसतात. सेन्सर खरंच गेलाय की फक्त त्याची वायर तुटलीय, हे स्कॅनर लावून वायर जोडल्यानंतर बघायला सांग. मला तरी तो सेन्सर धडधाकट वाटतो.

कव्हर काढून आतले फोटो बाबांना पाठव. व्हिडिओ कॉल दुपारी दीड ते तीनमध्ये कर, एरवी ते हातातलं काम टाकून बोलत बसतात आणि गिऱ्हाईक माझं डोकं खातं.

तुझी,
आई

ता. क. थंडीत इंजिनाची ऊब असते म्हणून उंदीर बॉनेटखाली शिरतात. तुझी पार्किंगची जागा सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी आहे, ती आधी बदलून माग. ड्रायव्हर लोक बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या बांधतात. बाबांचा त्यावर विश्वास आहे, माझा बारीक जाळीवर आहे.