शिदोरी वेळेवर मिळावी म्हणून

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर बाबांनी हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची तारीख सांगितली आणि त्याच दमात म्हणाले, "फादरांना मात्र काही कळवू नकोस. ते आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन घरी आले की गावभर होईल, म्हातारा चालला." मी ड्युटीवर होते, मागे मशीन वाजत होतं, म्हणून काही बोलले नाही. पण तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही.

बाबा, आजीच्या वेळी आपण हेच केलं होतं. फादरांना पाहून ती घाबरेल, असं म्हणत आठ दिवस घालवले. शेवटी पहाटे त्यांना आणलं तेव्हा तिची शुद्ध हरपली होती. तेल लावलं, प्रार्थना झाल्या, पण ख्रिस्तप्रसाद, मिस्सेत मिळते ती पवित्र भाकर, तिला गिळता आला नाही. आयुष्यभर चर्चमधली सकाळची मिस्सा न चुकवलेली बाई शेवटचा प्रसाद न घेता गेली. देवाने तिला काही कमी केलं नसेल, हे मला कळतं. तरी ती रुखरुख आहे, आणि आई, तुलाही आहे. तू कधी बोलली नाहीस, पण तिच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला मी तुझ्या शेजारीच बसले होते.

मरणाऱ्याला जो ख्रिस्तप्रसाद देतात त्याला लॅटिनमध्ये 'वियातिकुम' म्हणतात. म्हणजे वाटेसाठी बरोबर घ्यायचं खाणं. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, शिदोरी. आणि मरणाऱ्याचा खास संस्कार तोच आहे, तेल नव्हे. आपण सगळ्यांनी उलटं धरून ठेवलंय. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं लिहिलंय, ते आजाऱ्यासाठी. पुढे कित्येक शतकं ते अगदी शेवटच्या घटकेपर्यंत लांबवलं गेलं आणि लोकांच्या मनात तेल म्हणजे मरण हे घट्ट बसलं. १९६३ मध्ये जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितलं की हा संस्कार फक्त शेवटच्या क्षणाचा नाही. १९७२ मध्ये सहाव्या पोप पॉल यांनी विधीही बदलला. आता कपाळाला आणि हातांना तेल लावतात, आणि फादर म्हणतात की प्रभू तुला तारो, तुला उठवो. उठवो, बाबा. मोठ्या ऑपरेशनच्या आधी तो घेता येतो, वय होऊन अशक्तपणा आला तरी घेता येतो, पुढे आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. गावाला जे म्हणायचंय ते म्हणू दे.

इथे डब्लिनच्या हॉस्पिटलात मी रात्रपाळीत बरीच मरणं पाहिली आहेत. माणसं शेवटी नवं काही मागत नाहीत. लहानपणी तोंडात बसलेलंच ओठांवर येतं. स्वतःच्या मुलीला न ओळखणारी एक म्हातारी 'नमो मरिया' ही प्रार्थना अख्खी म्हणायची, एक शब्द न चुकता. २०२० च्या वसंतात कोरोनामुळे वॉर्डात बाहेरचं कुणी येऊ शकत नव्हतं. त्या मार्चच्या २० तारखेला रोमहून आज्ञापत्र निघालं होतं. ज्यांना आजाऱ्याचं तेल आणि शिदोरी मिळू शकत नाही त्यांनाही मरणसमयी पूर्ण दंडमाफी, म्हणजे पापांबद्दल भोगायच्या शिक्षेतून सुटका, मिळेल. मन तयार असावं आणि आयुष्यात त्यांनी काही ना काही प्रार्थना नेमाने केलेली असावी, एवढीच अपेक्षा. जवळ क्रूस असला तर बरं, असंही त्यात होतं. मी खिशातला छोटा क्रूस त्यांच्या हातात ठेवायची, हातमोज्यांसकट हात धरायची, आणि त्यांच्या कानाशी हळू प्रार्थना म्हणायची. इंग्रजी सुचलं नाही की मराठीत.

आणि तेव्हा मला तुम्ही दोघं दिसायचा. ओटीवर, दिवेलागणीला, जपमाळ हातात. आई, एका जपमाळेत ५३ वेळा नमो मरिया येते. दर वेळी शेवटी आपण म्हणतो, आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणसमयी विनंती कर. ही ओळ १५६८ मध्ये रोमच्या प्रार्थनापुस्तकात कायमची आली. बाबा लहानपणी वेदीवर फादरांच्या मदतीला असायचे तेव्हा हेच लॅटिनमध्ये पाठ होतं, 'नुन्क एत इन होरा मोर्तिस नोस्त्रे'. रोज ५३ वेळा तुम्ही त्या घटकेचं नाव घेत आलात. मग तिच्याबद्दल घरात बोलायला आपण का घाबरतो?

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाला आठवा. त्याच्या सणाला आपण दरवर्षी जातो, प्रवचनात जपानमधल्या नागासाकीची गोष्ट ऐकतो आणि घरी येतो. ५ फेब्रुवारी १५९७ ला त्या टेकडीवर २६ जणांना त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेसाठी क्रूसावर चढवलं. त्या वेळी लिहिलेल्या वृत्तांतात कोण काय म्हणत होता तेही आहे. एकाने, बापा, माझा आत्मा तुझ्या हाती, हे स्तोत्र धरलं होतं, येशूने क्रूसावर म्हटलेलं. अंतोनियो नावाचा पोरगा तिथल्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलं स्तोत्र गात होता. आणि गोन्सालो? तो मोठ्याने 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि 'नमो मरिया' म्हणत होता, पुन्हा पुन्हा. भाले समोर असताना वसईच्या माणसाने आपल्या ओटीवरच्याच दोन प्रार्थना म्हटल्या. हे वाचलं त्या रात्री मी तुम्हाला उगाचच फोन केला होता, आठवतं? काय झालं, असं आई तीनदा विचारत होती.

तर माझं मागणं असं. रविवारी मिस्सा झाली की सॅक्रिस्टीत, वेदीलगतच्या खोलीत, जाऊन फादरांना ऑपरेशनचं सांगा. आधी पापनिवेदन, मग तेल, मग ख्रिस्तप्रसाद, सगळं तुम्ही पूर्ण शुद्धीवर असताना, खुर्चीत बसून. आई, तूही घे, तुझे गुडघे आणि साखर काही कमी नाहीत. मी ऑपरेशनच्या दोन दिवस आधी पोहोचते.

आणि कधी तरी, लवकर नको, पण ती वेळ आली आणि फादर पोहोचले नाहीत, तर निरोपाची प्रार्थना मी म्हणेन. ती घरच्यांनाही म्हणता येते. ज्या पित्याने तुला घडवलं त्याच्या नावाने, ज्या पुत्राने तुझ्यासाठी सोसलं त्याच्या नावाने, जो आत्मा तुझ्यावर ओतला गेला त्याच्या नावाने, ख्रिस्ती आत्म्या, आता निघ. मी ती मराठीत वहीत उतरवून ठेवली आहे. मोठ्याने वाचून पाहिली, अजून शेवटपर्यंत जमत नाही.

एक विचारायचं राहिलं. आपण देवाशी मराठीत बोलतो आणि एकमेकांशी कादोडीत, आपल्या वसईच्या बोलीत. बाबा, तुमच्या कानाशी मी कशात बोलू? आईला विचारून ठरवा आणि प्रार्थनापुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. आले की बघेन.

तुमची,
मोठी